बुंध्याशी दगड

भाचीने कॅन्ससहून पाठवलेला एक फोटो वर्षभर माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. जून महिना, फ्लिंट हिल्सचा माळ आणि चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बटरफ्लाय मिल्कवीडचा केशरी गुच्छ. सोबत तिने लिहिलं होतं, "मावशी, मॅक्रो लेन्स नव्हती गं, साधी १८-५५ होती. हवं तर कडा कापून फूल मोठं करून पाठवते."

हे झुडूप रुईच्या कुळातलं, फक्त याला पांढरा चीक नाही. पाच पाकळ्या मागे मुडपलेल्या आणि मधे पाच उभ्या वाट्यांचा मुकुट. रुईचं फूल हातात घेऊन पाहिलेल्याला ही घडण लगेच ओळखीची वाटेल. मॅक्रोने असं एकच फूल चौकटभर आलं असतं, मुकुटाची वाटी न् वाटी मोजता आली असती. मागे मात्र नुसतं हिरवं धुकं उरलं असतं.

भाचीने १८ मिलिमीटरवर, पोटावर पडून, वीतभरही अंतर न ठेवता फोटो काढला आहे. तरी गुच्छ चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो. उरलेल्या जागेत तो माळ आहे. नजर केशरी रंगावर टेकते, उजवीकडे वाकलेल्या पात्यांवरून घसरत जाते आणि टेकड्यांच्या पुसट रेषेशी थांबते. वर सगळं आभाळ. सप्टेंबरात इथलं बिग ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्यावर जातं. जूनमध्ये ते अजून कोवळं, बुटकं असतं, म्हणून फुलाला हे आभाळ मिळालं आहे.

गुच्छाच्या उजव्या कडेची दोन फुलं वाऱ्याने हलली आहेत. त्यांच्या पाकळ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, बाकीची फुलं आणि मधल्या मिटल्या कळ्या स्वच्छ आहेत. गाण्यात एखादी जागा पुन्हा पुन्हा ऐकावी, तशी मी त्या दोन फुलांकडे परत येते. तिथला वारा क्वचितच थांबतो, आणि या फोटोत तो दिसतो.

पण चित्राचा खरा ठाव बुंध्याशी आहे. तिथे गवतातून एक पांढुरका दगड डोकावतो. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज ४ टक्क्यांहूनही कमी शिल्लक आहे, बाकीची नांगराखाली गेली. जी उरली, तिचा मोठा भाग या टेकड्यांत आहे, कारण इथे चुनखडीचे आणि चकमकीच्या दगडाचे थर मातीच्या लगेच खाली आहेत आणि त्यांवर नांगर चालला नाही. आपल्या कासच्या पठारावरही फुलं जांभ्याच्या सड्यावरच्या बोटभर मातीत येतात, तिथेही नांगराला जागा नव्हती. म्हणून तो दगड मला परका वाटत नाही. त्याच्यामुळेच हे फूल आज इथे आहे, आणि दोघं एका चौकटीत आले ते त्या साध्या लेन्समुळे.

मी भाचीला उत्तर पाठवलं, "कापू नकोस. दगड जाईल."