सीमा, द्रव्य आणि संवेदन : शिल्पा गुप्ता यांच्या कलाकृतींचा विचार

मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६) यांच्या कलाकृतींत सीमा हा विषय वारंवार येतो. समीक्षेत त्याची दखल प्रामुख्याने राजकीय आशय म्हणून घेतली जाते. ते गैर नाही. परंतु दोरा, साबण, चिकटपट्टी, कार्बन कागद ही द्रव्ये त्या आशयाची केवळ वाहने मानली, तर यांपैकी कोणत्या कलाकृती मनात रेंगाळतात आणि कोणत्या पहिल्या दृष्टिक्षेपातच संपतात, हे सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात हा भेद तपासावयाचा आहे.

‘१:१४.९’ (२०११-१२) ही कलाकृती वरकरणी अतिशय साधी आहे. काचेच्या पेटीत हाताने गुंडाळलेल्या पॉलिएस्टर दोऱ्याचा गुंडा आणि सोबत एक पितळी पट्टी, एवढेच. भारत-पाकिस्तान सीमेवरील ११८८.५ मैलांचे कुंपण येथे १४.९ पटींनी लहान होऊन सुमारे ७९.५ मैल दोरा झाले आहे. पट्टीवर आकडेवारीची तारीखही आहे, ३१ डिसेंबर २००७. अचूकतेचा हा आग्रह शासकीय दप्तराला शोभेल असा आहे. मात्र गुंडा उलगडल्याशिवाय त्या आकड्याची खातरजमा करता येत नाही, आणि पेटी बंद आहे. नकाशावरील रेषेवर नागरिक जसा विश्वास ठेवतो, तसाच प्रेक्षकाला पट्टीवर ठेवावा लागतो. शिवाय रेषा ताणलेली असेल तरच तिला अलीकडची आणि पलीकडची बाजू असते. गुंडाळलेल्या रेषेला ती उरत नाही. हा विचार पट्टी सांगत नाही, तो दोऱ्याच्या स्वभावातून येतो.

याउलट ‘देअर इज नो बॉर्डर हिअर’ (२००५-०६) मध्ये, येथे सीमा नाही, हे शब्द पिवळ्या चिकटपट्टीवरच छापलेले आहेत. प्रवेश रोखणाऱ्या पट्टीनेच सीमा नाकारावी, हा विरोधाभास चटकन कळतो. पण कळला की प्रेक्षकासाठी काम उरत नाही. घोषणा द्रव्याला बोलूच देत नाही, असे आमचे मत आहे.

शब्द कोरला की द्रव्य गप्प होते, असा नियम मात्र यावरून काढता येणार नाही. ‘थ्रेट’ (२००८-०९) मध्ये विटांप्रमाणे रचलेल्या साबणाच्या प्रत्येक वडीवर ‘धोका’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे आणि प्रेक्षकाने वडी घरी न्यावी अशी योजना आहे. भिंत खचत जाते ती प्रेक्षकांच्या हातांनी. वडी वापरली तर अक्षरे झिजतात, जपून ठेवली तर धोका घरातच राहतो. शब्दाचे पुढे काय व्हावे, हे येथे साबणाच्या विरघळण्यावर सोपविले आहे.

‘माझ्या देशाचे शंभर हस्तरेखित नकाशे’ या मालिकेत, जिची सुरुवात २००७-०८ च्या सुमारास झाली, माणसे आपल्या देशाचा आकार स्मरणातून काढतात. एकावर एक आलेल्या त्या रेषा जुळत नाहीत. सीमेवर सर्वांत मोठा दाट काळेपणा जमतो, म्हणजे जिथे निश्चिती हवी तिथेच संदिग्धता. २०१५ साली व्हेनिसमध्ये रशीद राणा यांच्यासोबत ‘माय ईस्ट इज युअर वेस्ट’ हे प्रदर्शन झाले. त्यासाठी त्यांनी भारत-बांगलादेश सीमेचा विषय निवडला, तेव्हा हीच संदिग्धता प्रत्यक्ष भूमीवर होती : त्याच वर्षी ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ छिटमहाले परस्परांत विलीन झाली. तेथील रहिवाशांनी घर न हलविता देश बदलला.

शब्दांवाचूनही हे साधते याचा पुरावा २००९ च्या एका शीर्षकहीन कलाकृतीत मिळतो. घराला असते तसे एक लोखंडी फाटक यंत्राने इकडून तिकडे झुलते आणि दर खेपेस भिंतीवर आदळते. फाटक शाबूत राहते; ज्या भिंतीच्या रक्षणासाठी ते असावे, तिचाच गिलावा खाली पडत राहतो.