बार्बरा जॉन्सन यांच्या समीक्षेतील बोदलेअर

बार्बरा जॉन्सन (१९४७–२००९) यांच्या कारकिर्दीचे सहसा दोन कालखंड पाडले जातात. पहिला, येल विद्यापीठात पॉल द मान यांच्याकडे शिकलेल्या, देरिदांचा अनुवाद करणाऱ्या फ्रेंचच्या अभ्यासकाचा. दुसरा, हार्वर्डमध्ये स्त्रियांच्या व आफ्रिकी-अमेरिकी लेखकांच्या साहित्याकडे वळलेल्या समीक्षकाचा. या विभागणीत एक गृहीत दडलेले आहे : संहितेचे सूक्ष्मवाचन मागे टाकल्याखेरीज समाजाकडे जाता येत नाही. जॉन्सन यांचे लेखन नेमके हेच गृहीत खोडून काढते, असे मला वाटते.

१९७९ मध्ये फ्रेंचमधून प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ग्रंथात त्यांनी बोदलेअरची पद्यातील कविता आणि त्याच विषयावरील गद्यकाव्य शेजारी ठेवून वाचले. गद्यातील 'प्रवासाचे निमंत्रण' स्वप्नभूमीच्या स्वयंपाकाचाही उल्लेख करते. पद्याने जे व्यवहारी म्हणून बाहेर ठेवले, ते येथे परत येते, आणि मग पद्याची शुद्धताच संशयास्पद ठरते. १९८० च्या 'द क्रिटिकल डिफरन्स'चे सूत्रही हेच : दोन गोष्टींमधला भेद हा पुष्कळदा एकाच गोष्टीच्या अंतर्गत भेदावर घातलेला पडदा असतो. पुढे येल संप्रदायाच्या पुरुषीपणाची चिकित्सा करताना त्यांनी स्वतःच्या या ग्रंथालाही वगळले नाही. स्त्रियांना दूर ठेवण्याचा ठपका त्यांनी त्यावरही ठेवला.

या दृष्टीने १९८६ चा संबोधन आणि गर्भपात यांवरील निबंध महत्त्वाचा. आपल्या विद्यार्थ्याला संबोधन म्हणजे आठवी विभक्ती. जॉन्सन यांच्या लेखी ते अनुपस्थिताला, मृताला, निर्जीवाला हाक मारून सजीव करणे आहे. बोदलेअर आणि शेली यांच्यापासून निघून त्या ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या 'द मदर' या कवितेपाशी येतात. तेथे आई न जन्मलेल्या मुलांना उद्देशून बोलते. 'तुम्ही' म्हणताच ती मुले श्रोते होतात, म्हणजे व्यक्ती होतात. आणि ज्याचा शोक करायचा त्याचे अस्तित्व त्या शोकाच्या व्याकरणानेच घडते. गर्भ ही व्यक्ती आहे काय, हा सार्वजनिक वाद ज्या भाषेत चालतो त्या भाषेने उत्तर आधीच गृहीत धरलेले असते. हे दाखवण्यासाठी काव्यशास्त्र सोडावे लागत नाही. त्याच्याशिवाय ते दिसतच नाही.

आक्षेप राहतोच. अलंकार इतका निर्णायक मानला की रुग्णालय, पैसा, न्यायालय हे सारे कवितेच्या मागे सरकते. जॉन्सन यांना याची जाणीव असावी. १९९८ च्या एका निबंधात, पुढे 'पर्सन्स अँड थिंग्ज' (२००८) मध्ये समाविष्ट झालेल्या, त्या द मान यांच्या बोदलेअर-वाचनाशेजारी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल ठेवतात. कैद्यांच्या एका संघटनेला निर्धन 'व्यक्ती' म्हणून शुल्कमाफी मिळेल काय, हा त्यातील प्रश्न. न्यायालयाने नाही म्हटले. त्या निकालपत्रातील 'व्यक्ती' हा शब्द जॉन्सन, एखादे सुनीत वाचावे तसा, ओळीओळीने वाचतात.