कौमुदी नसलेलं व्याकरण

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं मला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसानं संगणकाच्या पुस्तिकेवर का बोलावं? अहो, पुस्तिका हाही एक ग्रंथच. त्याची समीक्षा करता येते. आज 'फ्रॅपे'ची करू.

फ्रॅपे म्हणजे वेबवर चालणारी कामकाजाची सॉफ्टवेअरं बांधायची चौकट. मुंबईत जन्मलेली, मुख्यतः पायथॉनमधली, मुक्तस्रोत. ईआरपीनेक्स्ट ही हिशेबाची, साठ्याची प्रणाली तिच्यावरच उभी आहे. माझी नात ती शिकत होती, मी शेजारी बसलो. नवशिक्यांसाठीचा पाठ एक वाचनालय बांधायला लावतो: पुस्तक (त्याला 'आर्टिकल' का म्हटलंय, देव जाणे), सभासद, सभासदत्व, देवघेव. उदाहरण छानच. 1848 सालच्या आपल्या नगर वाचन मंदिरात ज्यानं एकदा तरी पुस्तक बदललंय, त्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

पण सभासदत्वापाशी पाठ म्हणतो, इथं 'सबमिटेबल'वर खूण करा. नोंद एकदा सबमिट झाली की बदलत नाही. रद्द करायची आणि दुरुस्त करून नवी काढायची. नात म्हणाली, "आजोबा, खोडून का लिहू देत नाहीत?" याचं उत्तर वाचनालयात नाहीच, ते कीर्द-खतावणीत आहे. जमाखर्चात चुकलेली रक्कम खोडत नाहीत, उलट नोंद करतात. चौकट हिशेबाच्या घरची आणि उदाहरण वाचनालयातलं! नवशिका अडतो तो या सांध्यावर.

दुसरी अडचण अधिक खोल. इथं बहुतेक सगळं 'डॉकटाइप' या साच्यात बसवायचं. आणि डॉकटाइप हाही एक डॉकटाइपच! मला हसू आलं. जातीलाही जाती मानावी का, या प्रश्नावर आपल्या न्याय-वैशेषिकांनी अनवस्थेच्या भयानं 'नाही' म्हटलं होतं. इथं अनवस्था होत नाही, कारण साखळी स्वतःपाशीच येऊन थांबते. हे दोन वाक्यांत सांगता येतं. पण सांगायचं कुणी?

यावर जाणकार म्हणतात, कोड खुला आहे, वाचा की. बरं, अष्टाध्यायीही खुलीच होती. पण तिची रचना लाघवासाठी. मागच्या सूत्रातलं पद पुढं चालत येतं, म्हणजे एक कळायला सगळी पाठ हवीत. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी तीच सूत्रं विषयवार लावली, आणि त्यांचे शिष्य वरदराज यांनी त्यातून बालकांसाठी लघुकौमुदी काढली. सूत्रं पाणिनीचीच, क्रम मात्र शिकणाऱ्याचा. आणि हे काम दुय्यम समजून कुणी टाळलं नाही, हं. फ्रॅपेच्या पुस्तिकेत माहिती कमी आहे असं मी म्हणत नाही. ती जाणत्याच्या क्रमानं लावली आहे, एवढाच माझा आक्षेप.

नातीनं आता स्वतःच्या वहीत क्रम बदललाय: आधी खतावणी, मग डॉकटाइप, वाचनालय शेवटी. ती पानं मराठीत आहेत. मैत्रिणी फोटो काढून नेतात.