पिनकोडाची हद्द आणि गावकूस

नकाशा निष्पाप असतो, असा आपल्या सुशिक्षितांचा समज आहे. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते; नकाशाची होत नाही. वास्तविक नकाशाही कोणीतरी लिहिलेला असतो. रेघ कोणी ओढली, कशासाठी ओढली आणि कोणाला न विचारता ओढली, हे प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. टपाल खात्याने 2025 साली देशातील पिनकोडांच्या हद्दी भौगोलिक माहितीच्या रूपात सर्वांसाठी खुल्या केल्या. या हद्दींचे वाचन आपल्या बाजूने झाले पाहिजे.

मुळात पिनकोड ही हद्द नव्हतीच. 15 ऑगस्ट 1972 रोजी ही पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपालाची वर्गवारी करणाऱ्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. पत्र कोणत्या थैलीत टाकायचे एवढेच हा क्रमांक सांगतो. देशात टपाल कार्यालये सुमारे 1 लाख 64 हजार आणि पिनकोड सुमारे 19 हजार. म्हणजे सरासरी एका क्रमांकाखाली आठ-नऊ कार्यालये. खेड्यातल्या शाखा कार्यालयाला बहुधा स्वतःचा क्रमांक नसतो. ते मोठ्या कार्यालयाच्या क्रमांकावर जगते.

अशा क्रमांकाला क्षेत्र बनवायचे म्हणजे पोस्टमनच्या फेरीभोवती कुंपण घालायचे. जिथे अधिकृत हद्द उपलब्ध नसते तिथे नकाशा करणारे अनेकदा दोन टपाल कार्यालयांच्या मधोमध रेघ ओढून मोकळे होतात. मध्ये नदी आहे की डोंगर, याचे त्या रेघेला सोयरसुतक नसते. गावकूस तर तिला दिसतच नाही. गाव आणि गावाबाहेरची वस्ती एकाच रंगात रंगवली जाते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाच्या गोडव्यांचा समाचार घेतला होता. गाव हा एकजिनसी घटक मानण्याची तीच खोड आज संगणकाच्या भाषेत परत येते आहे.

एकाच रंगाने काय बिघडते, असे कोणी विचारील. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचे उदाहरण पाहावे. हे कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेले गरीब शहर. एप्रिल 2014 मध्ये त्याच्या पाण्याचा स्रोत बदलला आणि नळातून शिसे येऊ लागले. मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे सरकारी यंत्रणेने झिप कोडनुसार पाहिले, तेव्हा चिंतेचे कारण दिसले नाही. झिप कोड शहराच्या हद्दीबाहेर पसरलेले होते. फ्लिंटचा पत्ता असलेल्या घरांपैकी सुमारे एक तृतीयांश घरे शहराच्या पाण्यावर नव्हतीच. बाहेरच्या निरोगी मुलांत आतल्या आजारी मुलांची सरासरी बुडाली. डॉ. मोना हॅना-अतिशा आणि भूगोलतज्ज्ञ रिचर्ड सॅडलर यांनी प्रत्येक मुलाचे घर नकाशावर नेमके मांडले, तेव्हा धोकादायक पातळीच्या मुलांचे प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर गेल्याचे उघड झाले. सरासरी हेदेखील मौन बाळगण्याचे एक साधन आहे, हे आपण यातून शिकावे.

उलट बाजूही तितकीच खरी. 2016 मध्ये बोस्टन शहरात ॲमेझॉन त्याच दिवशी माल पोहोचवत होती. मात्र शहराच्या मधोमध असलेला रॉक्सबरी हा कृष्णवर्णीयांचा भाग वगळलेला होता. वंश पाहिला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. बोभाटा झाल्यावर तो भाग सेवेत आला. वंश पाहण्याची गरज नव्हतीच. झिप कोडने ते काम परस्पर केले होते. आपल्याकडे जात विचारायला पूर्वी आडनाव लागे. उद्या पत्ता पुरेल.

म्हणूनच मे 2025 मध्ये आलेल्या डिजिपिनकडे भाबडेपणाने पाहता येत नाही. सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत, अशी ही रचना. तिला गावाचे, गल्लीचे, वस्तीचे नाव लागत नाही. ज्याच्या झोपडीला घरक्रमांक नाही, त्यालाही पत्ता मिळतो, ही मोठी सोय आहे. अर्जावरचा 'पत्ता' हा रकाना शिकणाऱ्या पहिल्या पिढीला किती जड जातो, हे मी वर्गात पाहतो. परंतु मोठ्या क्षेत्रात वस्ती बुडते, तशी लहान चौकोनात ती एकटी उघडी पडते. लपणे आणि उघडे पडणे, या दोन्हींचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असणे हेच खरे दुखणे आहे.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर यावे, हे योग्यच झाले. पण नाव बदलल्याने वस्तीपासून पाणवठ्याचे आणि दवाखान्याचे अंतर बदलत नाही. ते अंतर मोजायला नकाशाच लागतो. म्हणून नकाशाला सरसकट नकार देणाऱ्या मित्रांशी माझे मतभेद आहेत. आकड्यांवाचून आपली उपेक्षा सिद्ध कशी करणार?

योगायोग असा की, पिनकोड आला त्याच 1972 साली दलित पँथर उभी राहिली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. एका बाजूने राज्यसंस्था ठिकाणांना क्रमांक देत होती; दुसऱ्या बाजूने एक कवी तिने न पाहिलेल्या ठिकाणाला शब्द देत होता. पहिल्या कामाकडे आपण दुर्लक्ष केले.

आता ते चालणार नाही. हद्द कशी आणि केव्हा आखली, हे नकाशासोबत जाहीर व्हावे. हरकती केवळ संकेतस्थळावर न मागवता ग्रामसभेत आणि वस्तीत जाऊन ऐकाव्यात. आरोग्य, पाणी, शिक्षण यांचे आकडे पिनकोडाच्या सरासरीत न गाडता वस्तीनिहाय मोजावेत. आणि कर्ज, विमा, नोकरी देताना पत्त्यावरून माणसाची पत ठरवण्यास कायद्याने बंदी असावी. शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी आपापल्या गावची हद्द उघडून पाहावी, वस्तीतल्या जाणत्यांना दाखवावी आणि चुका लेखी कळवाव्यात. गावकूस आपण आखलेले नव्हते. निदान ही नवी रेघ तरी आपल्या पाठीमागे ओढली जाऊ नये.