धंद्याच्या बखरी

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे चाळीस पृष्ठांचे एक टिपण आणून दिले. त्याचा पिढीजात लहानसा कारखाना आहे. शेतीच्या पंपांचे सुटे भाग तेथे तयार होतात. बाजारात नवे प्रतिस्पर्धी उतरले, शेतांतून सौरपंप दिसू लागले, तेव्हा पुढील पाच वर्षांचे धोरण लिहून काढणे त्याला अवश्य वाटले. "सर, इंग्रजी तेवढे तपासून द्या," इतकीच त्याची मागणी होती. इंग्रजी तपासता तपासता आमचे लक्ष मजकुराकडे गेले. प्रकरणाप्रकरणाच्या आरंभी कोणत्या तरी परदेशी कंपनीचा दाखला होता, आणि त्यांत होंडा ह्या जपानी कंपनीचे नाव पुनःपुन्हा येत होते. गावोगाव हिंडणाऱ्या त्याच्या स्वतःच्या विक्रेत्यांनी कळविलेल्या तक्रारी मात्र अगदी शेवटच्या परिशिष्टात, बारीक टंकात, कोंबलेल्या होत्या. ही मांडणी त्याने कोठून घेतली हे पाहावे, म्हणून आम्ही मूळ लेख मिळवून वाचले. त्या वाचनातून सुचलेले विचार येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

धंद्याच्या धोरणाविषयीचे हे वाङ्मय फार जुने नाही. इंग्रजीतील 'स्ट्रॅटेजी' हा शब्द मूळचा सेनापतीच्या विद्येचा. रणांगणावरून तो कचेरीत आला. १९६२ साली आल्फ्रेड चँडलर ह्यांनी मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या इतिहासाचा ग्रंथ लिहिला, १९६५ साली इगॉर अॅन्सॉफ ह्यांनी धोरण कसे आखावे ह्याची जवळजवळ संहिताच तयार केली आणि १९८० साली मायकेल पोर्टर ह्यांनी स्पर्धेच्या बलाबलाची मीमांसा केली. आज आपल्या घरांतील मुले ज्या व्यवस्थापन-विद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून रात्रीचा दिवस करितात, तेथे हेच ग्रंथ आधारभूत मानले जातात. तेव्हा त्यांचा विचार केवळ व्यापाऱ्यांनीच करावा असे नाही. ह्या सर्व वाङ्मयाच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा आहे: चुरशीच्या आणि पालटत्या बाजारात कंपनी आपला मार्ग आधी ठरवून मग चालते, की चालता चालता तो तिला सापडतो?

ह्या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच घटनेच्या दोन हकीकतींत मिळतात. घटना अशी की, १९५९ साली होंडा कंपनीने अमेरिकेत मोटारसायकली विकण्यास प्रारंभ केला आणि थोड्याच वर्षांत तो बाजार काबीज केला. पहिली हकीकत १९७५ ची आहे. ब्रिटनमधील मोटारसायकलींचा धंदा रसातळाला चालला होता. अमेरिकेत आयात होणाऱ्या मोटारसायकलींतील त्याचा हिस्सा १९५९ साली शेकडा ४९ होता, तो १९७३ साली शेकडा ९ वर येऊन ठेपला होता. असे का झाले हे शोधून काढण्याचे काम ब्रिटिश सरकारने बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप ह्या सल्लागार संस्थेकडे सोपविले. दुसरी हकीकत रिचर्ड पास्केल ह्या अमेरिकन अध्यापकाची. ज्या सहा जपानी अधिकाऱ्यांनी ही मोहीम प्रत्यक्ष चालविली, त्यांना १९८२ च्या सप्टेंबरात टोकियो येथे एकत्र बसवून त्याने त्यांच्या तोंडून सारे ऐकले आणि १९८४ साली प्रसिद्ध केले.

बॉस्टनच्या अहवालात होंडाचे चित्र एखाद्या मुरब्बी सेनापतीचे आहे. घरच्या मोठ्या बाजारासाठी लहान गाड्या प्रचंड संख्येने बनवाव्या, त्यामुळे दर गाडीमागचा खर्च उतरवावा, आणि त्या स्वस्ताईच्या बळावर परदेशच्या बाजारात लहान गाड्यांनी पाय रोवून मग मोठ्या गाड्यांकडे वळावे, असा हा व्यूह. अहवालातील युक्तिवाद रेखीव आहे. आणि एका बाबतीत तर तो मर्मभेदक आहे: जपानी गाड्या ज्या वर्गात शिरल्या, तो वर्ग ब्रिटिश कारखानदारांनी नफा उरत नाही म्हणून सोडून दिला; मग त्याच्या वरचा सोडला, मग त्याच्याही वरचा. दर वेळी हिशेब बरोबर होता. हिशेबांची बेरीज मात्र सर्वनाश ही झाली. हा एवढा भाग जरी कोणी मन लावून वाचला, तरी त्याचे श्रम वाया जाणार नाहीत.

पास्केलच्या लेखात प्रवेश करताच आपण निराळ्याच जगात येतो. किहाचिरो कावाशिमा आणि त्यांचे सोबती अमेरिकेत उतरले, ते तेथे काही विकता येते काय हे पाहण्यासाठी. युरोपातून वर्षाला सुमारे ६०,००० मोटारसायकली तेथे येत; त्यांचा दहावा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ, एवढीच त्यांची उमेद होती. जपानच्या अर्थखात्याने २,५०,००० डॉलरांची परवानगी दिली, पण रोख रक्कम म्हणून नेता आले ते फक्त १,१०,०००. लॉस एंजेलिसमध्ये महिना ८० डॉलर भाड्याच्या बिऱ्हाडात मंडळी राहिली. दोघे जमिनीवर निजत. भर होता तो मोठ्या गाड्यांवर. त्यांच्या हँडलाचा आकार बुद्धाच्या भुवईसारखा दिसतो आणि तो लोकांना आवडेल, अशी खुद्द सोइचिरो होंडा ह्यांची समजूत होती. १९६० च्या एप्रिलात ह्या गाड्या नादुरुस्त होऊन परत येऊ लागल्या. अमेरिकन मनुष्य जपान्यापेक्षा लांब आणि वेगाने गाडी हाकतो, तेव्हा कोठे तेल गळे, कोठे क्लच निकामी होई. नाव बुडण्याची वेळ आली.

ह्या काळात ही मंडळी स्वतःच्या किरकोळ कामांसाठी 'सुपर कब' नावाची ५० सी.सी.ची चिमुकली गाडी वापरीत. १९५८ साली निघालेली ही गाडी जपानात तडाख्याने खपत होती. १९५९ साली होंडाने विकलेल्या २,८५,००० गाड्यांपैकी १,६८,००० ह्याच होत्या. परंतु जेथे मोटारसायकल म्हणजे काळे चामडी जाकीट घालणाऱ्या दांडगटांचे वाहन, तेथे असले खेळणे दाखविले तर आपले हसे होईल, ह्या भीतीने त्यांनी ती विक्रीस काढलीच नव्हती. रस्त्यावरचे लोक मात्र थांबून तिची चौकशी करू लागले. सीअर्स ह्या बड्या दुकानदार कंपनीच्या खरेदी-अधिकाऱ्याचाही दूरध्वनी आला. मोठ्या गाड्या बंद पडल्यावर दुसरा उपायच उरला नाही, आणि सुपर कब बाजारात आली. तिला जागा दिली ती बहुतेक खेळाचे सामान विकणाऱ्या दुकानांनी. होंडावर भली माणसे भेटतात, अशा आशयाची जी जाहिरात पुढे जगप्रसिद्ध झाली, तिचे मूळ लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने १९६३ साली अभ्यास म्हणून लिहिलेल्या निबंधात होते. आणि ती घ्यावी की नाही ह्यावर अधिकाऱ्यांत दोन तट पडले होते. १९६४ सालापर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारसायकलींपैकी जवळजवळ एक होंडाची झाली.

आता खरे काय मानावे? येथे मराठी वाचकाला एका जुन्या वादाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड पानिपतच्या काळातील पत्रांसह प्रसिद्ध करताना इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कडक टीका केली आणि त्या त्या वेळच्या अस्सल पत्रांना अग्रस्थान दिले. बखरकाराला शेवट ठाऊक असतो, हा त्याचा मोठा दोष. ज्याला शेवट ठाऊक आहे, त्याच्या लेखणीतून प्रत्येक पाऊल त्या शेवटाकडेच पडते. जिंकलेल्याची चूक युक्ती ठरते आणि हरलेल्याची सावधगिरी भित्रेपणा ठरते. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते, म्हणून त्याच्या पत्रात भीती, अफवा, दाण्यापाण्याची टंचाई, सारे जसेच्या तसे उतरते.

ह्या कसोटीस लावून पाहता बॉस्टनचा अहवाल ही निखालस बखर आहे. १९७५ साली उभे राहून त्याने १९५९ कडे पाहिले, फळ पाहिले आणि त्या फळाजोगे बीज कल्पिले. परंतु पास्केलच्या लेखाला अस्सल कागद म्हणावे, तर तेही आम्हांस जमत नाही. तेवीस वर्षांनंतर, विजय मिळवून पिकलेल्या माणसांनी एकत्र बसून सांगितलेल्या त्या आठवणी आहेत. विजयी पुरुषाला आपल्या जुन्या फजितीचे वर्णन करताना एक प्रकारची गोडी वाटते. जमिनीवर निजल्याची हकीकत मऊ गादीवर बसूनच रंगते. पहिली दरबारी लेखकाची बखर असेल, तर दुसरी निवृत्त शिलेदारांची. पुढे कॅनडातील हेन्री मिंट्झबर्ग ह्यांनी ही दुसरी बखर हाती घेऊन १९९० च्या सुमारास अॅन्सॉफ ह्यांच्याशी मोठा वाद मांडला. धोरण हे पुष्कळदा आखले जात नाही, ते कृतीतून उमलत जाते, हा त्यांचा पक्ष. बॉस्टनच्या बाजूने मायकेल गूल्ड ह्यांनी १९९२ साली असे उत्तर दिले की, अहवालाचा हेतू इतिहास लिहिण्याचा नव्हताच. पुढे काय करावे हे सांगण्याचा होता. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण पुरेसे नाही. पुढे काय करावे हे सांगणारा मागे काय झाले ह्याच्याच आधाराने बोलतो. तो आधार बखरीचा असेल, तर सल्लाही बखरीचाच होतो.

तथापि दैवाने दिले आणि होंडाने घेतले, असा जो अर्थ काही उत्साही वाचक पास्केलच्या लेखातून काढितात, तो आम्हांस तितकाच भ्रामक वाटतो. रस्त्यावर लोकांनी विचारले हे खरे. पण विचारण्याजोगी गाडी आधी हाताशी होती. सोबा ह्या शेवयांची ताटे घरोघर पोचविणाऱ्या पोऱ्याला एका हाताने चालविता यावी अशा बेताने ती घडविली होती. होंडांचे भागीदार ताकेओ फुजिसावा ह्यांच्या आग्रहाने सुझुका येथे महिना ३०,००० गाड्यांचा कारखाना १९६० साली उभा राहिला. एवढ्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेल ह्याची हमी त्या वेळी कोणीही दिली नसती. आणि मोठ्या गाड्या मोडल्या, तेव्हा त्या विमानाने जपानात नेऊन अहोरात्र तपासण्यात आल्या आणि महिनाभरात सुधारलेले भाग तयार झाले. हे काही नशिबाचे खेळ नव्हेत. येथे हेतू होता, साहस होते आणि अपार कौशल्य होते. नव्हता तो फक्त शेवटापर्यंत लिहून ठेवलेला नकाशा.

आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या अवघड एप्रिलनंतरच्या निर्णयात आहे. हातातला बेत चुकला, हे कावाशिमांनी मान्य केले. ज्या वस्तूची त्यांना लाज वाटत होती, तीच पुढे केली. आणि हे करण्याची मुभा त्यांना टोकियोहून मिळाली. ब्रिटिश कारखानदारांना ह्याच्या उलट झाले. त्यांना योजना नव्हती असे नव्हे; दर वर्षीच्या ताळेबंदाने त्यांना शहाणपणाचीच वाट दाखविली. पण ताळेबंदात न दिसणारे गिऱ्हाईक, म्हणजे ज्याने आजवर मोटारसायकल घेतलीच नाही असा मनुष्य, त्यांच्या दृष्टीस कधी पडलाच नाही. त्याची किंमत मेरिडेन येथील ट्रायम्फच्या कामगारांनी मोजली. १९७३ पासून कारखाना अडवून धरून त्यांनी १९७५ साली तो सहकारी तत्त्वावर चालू केला, आणि १९८३ साली तोही बंद पडला. धोरणाची चर्चा करणाऱ्या ग्रंथांत ह्या माणसांना एखाद्या ओळीचीही जागा क्वचितच मिळते. परंतु बखर चुकीची वाचली तर शेवटी भुर्दंड कोणावर पडतो, हे त्यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते.

मग धोरणे लिहूच नयेत काय? असे आम्ही म्हणत नाही. कर्ज काढावयाचे, यंत्रे घ्यावयाची, माणसे नेमावयाची, तर पाच वर्षांचा अदमास बांधलाच पाहिजे. सुझुकाचा कारखाना काही रस्त्यावरच्या चौकशीने उभा राहिला नव्हता. आमचे म्हणणे इतकेच की, लिहिलेल्या धोरणाचे मोल त्यातील भाकिताच्या अचूकपणावर ठरवू नये; चूक झाली तर ती कोणाच्या तोंडून, किती लवकर आणि किती निर्भयपणे मालकाच्या कानी येईल, ह्याची त्यात काय सोय केली आहे ह्यावर ठरवावे. ज्या कंपनीत गावोगाव फिरणारा विक्रेता वाईट बातमी सांगण्यास भितो, तिचे धोरण कितीही सुबक असो, ती पहिल्याच एप्रिलात बुडेल.

आमच्या विद्यार्थ्याचे टिपण आम्ही परत केले. इंग्रजी ठीकठाक केले. होंडाचे दाखले राहू दिले, कारण ते त्याच्या सल्लागारांना प्रिय आहेत. शेवटच्या परिशिष्टाभोवती मात्र तांबड्या शाईने चौकट काढून लिहिले की, हा भाग पहिल्या पृष्ठावर घ्यावा, आणि तो घेतल्यावर उरलेली पृष्ठे पुन्हा लिहावी लागतात काय ते पाहावे. आठ दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. "सर, तेरा पाने बदलावी लागली," असे तो थोडा वैतागून म्हणाला. आम्हांस मात्र ती तेरा पाने ऐकून समाधान वाटले.