आरिआड्नी ऑलिव्हर : रहस्यकथाकार आणि तिचा वाचक

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘मिसेस मॅगिन्टीज डेड’ (१९५२) ह्या कादंबरीतील आरिआड्नी ऑलिव्हर ही स्वतः रहस्यकथालेखिका आहे. फिनलंडची काहीही माहिती नसताना तिने आपला गुप्तहेर फिनिश योजला. वाचकांना तो रुचला, आणि आता कितीही तिटकारा आला तरी त्याला टाकून देणे तिला शक्य नाही. लेखिकेने केलेली ही स्वतःची थट्टा होय, असे म्हणून थांबणे सोपे आहे; परंतु ते पुरेसे नाही. एक तरुण नाटककार तिच्या कादंबरीचे नाट्यरूपांतर करताना त्या गुप्तहेराला तरुण करू पाहतो, तेव्हा त्याला विटलेली ऑलिव्हरच त्याच्या रक्षणार्थ उभी राहते.

ह्या प्रसंगामागे अनुभव आहे. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’वरून १९२८ साली रंगभूमीवर आलेल्या ‘अ‍ॅलिबाय’ नाटकात पॉयरोचे वय वीस वर्षांनी घटविण्याचा रूपांतरकाराचा विचार होता. ख्रिस्ती यांनी त्यास विरोध केला. पुढे १९५१ साली ‘द हॉलो’ ह्या आपल्याच कादंबरीचे नाटक करताना मात्र त्यांनी पॉयरोला समूळ वगळले! म्हणजे पात्र बदलण्याचा अधिकार परक्याला नाही, पुसण्याचा मात्र लेखिकेला आहे. हा अधिकार रंगभूमीवर चालला. ग्रंथव्यवहारात तो चालणे अवघड होते, कारण नाताळच्या सुमारास ख्रिस्तींचे नवे पुस्तक ही प्रकाशकाने वाचकाला लावलेली सवय होती. पॉयरोचा अंत सांगणारी ‘कर्टन’ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून झाली होती; वाचकांच्या हाती ती पडली १९७५ साली, लेखिकेच्या मृत्यूपूर्वी अवघे काही महिने.