न दिसणाऱ्या थराचं रसग्रहण

करंजा, साखर, रेवदंडा, भरडखोल. रायगडच्या किनाऱ्यावरचा कुठलाही कोळीवाडा घ्या. बोटीवरून उतरलेला खलाशी फोन हातात घेतो, तेव्हा आधी बोटं सदऱ्याला पुसतो, मग काच पुसतो आणि मगच बोट टेकवतो. हे दोनदा पुसणं का लागतं, याचं उत्तर काचेमागच्या एका थरात आहे. तो थर दिसू नये म्हणूनच घडवलेला आहे, त्यामुळे त्याच्या कारागिरीला दाद मिळत नाही. ती मिळायला हवी.

थर इंडियम ऑक्साइडचा असतो, त्यात वजनाने साधारण दहा टक्के कथिलाचं ऑक्साइड. जाडी शंभर नॅनोमीटरच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पाचशे थर सहज मावतील. निर्वात पेटीत आर्गॉन वायूचे विद्युतभारित कण या मिश्रणाच्या वडीवर आदळवतात आणि उडालेले अणू समोरच्या काचेवर बसत जातात.

या थराकडून एकमेकींशी भांडणाऱ्या दोन गोष्टी मागितलेल्या आहेत. धातूतून वीज वाहते ती त्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. पण तेच इलेक्ट्रॉन प्रकाश परतवतात, म्हणून धातू चकाकतो आणि त्यातून पलीकडचं दिसत नाही. काचेत मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून ती पारदर्शक आणि म्हणूनच वीजरोधक. इंडियम ऑक्साइड या भांडणातून वाट काढतं. त्यातल्या बांधलेल्या इलेक्ट्रॉनाला सुटायला साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून जास्त ऊर्जा लागते. जांभळ्या प्रकाशाच्या कणाकडेही जेमतेम तीनच असते, त्यामुळे दृश्य प्रकाश शोषला न जाता आरपार जातो. मग कथील आपलं काम करतं. इंडियमचा अणू बंधासाठी तीन इलेक्ट्रॉन देतो, कथिलाचा चार. इंडियमच्या जागेवर कथील बसलं की एक इलेक्ट्रॉन उरतो आणि हिंडू लागतो.

मला सगळ्यात मोहवतो तो या उरलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब. तांब्यात जेवढे मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासच इथे असतात. एवढ्यावर फक्त अवरक्त किरण परततात, दृश्य प्रकाश सुटतो, आणि तरीही वीज वाहते. कथील वाढवत नेलं तर थर अधिक वाहक होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. जास्तीचे अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेतच अडथळे होऊन बसतात. इथे प्रमाण हेच सौंदर्य आहे.

पारदर्शक वाहकाचा हा गुण कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये कॅडमियम ऑक्साइडच्या थरात पाहिला. इंडियम त्याआधीच, १८६३ मध्ये, फ्रायबर्गला सापडलं होतं. फर्डिनंड राइख यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपट पाहायला त्यांनी थिओडोर रिख्टर यांना बसवलं, आणि रिख्टर यांना त्यात निळी रेषा दिसली.

सपाट थर नुसता वाहक असून भागत नाही. तो कोरून त्याच्या आडव्या-उभ्या माळा करतात, बहुतेकदा शंकरपाळ्याच्या आकाराच्या. अनेक जुन्या फोनांचा पडदा बंद करून तिरप्या उन्हात धरला, तर जाळ्याच्या आसांसारखी ही नक्षी क्षणभर दिसते. आडव्या माळेला विद्युत स्पंद दिला की शेजारच्या उभ्या माळेशी तिचं विद्युतक्षेत्र जुळतं. बोट जवळ आलं की त्या क्षेत्राचा थोडा भाग बोटाकडे वळतो, कारण आपलं शरीर क्षारयुक्त आणि वाहक आहे. जो फरक पडतो तो पिकोफॅरडच्या अंशाइतका. आडव्या-उभ्या माळा जिथे एकमेकींना छेदतात, त्या सगळ्या छेदांवर तो सेकंदाला कितीतरी वेळा मोजला जातो. दाबाचा इथे संबंधच नाही.

क्षेत्रातली बारीकशी हालचाल टिपण्याचं हे शास्त्र या किनाऱ्याला जुनं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या इमारतीत लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले. मोजायचं ते इतकं सूक्ष्म, की भोवतालची शांतता आधी रचावी लागते. पडद्यामागची चिपही तेच करते: कोणी स्पर्श करत नसतानाची स्थिती लक्षात ठेवते आणि त्यापासूनचा फरक वाचते.

खारं पाणी नेमकी ही शांतता मोडतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तेही पारदर्शक आणि वाहकच! काचेवर पसरलेला त्याचा थेंब अनेक छेदांवरचं क्षेत्र एकदम हलवतो, आणि चिपला बोट कुठे संपलं नि पाणी कुठे सुरू झालं ते कळत नाही. चांगल्या फोनांत हा गोंधळ ओळखणारी आज्ञावली असते. पावसाच्या गोड्या थेंबांवर ती बऱ्यापैकी चालते, खाऱ्या ओल्या तळहातापुढे चटकन हरते.

म्हणजे या सुंदर रचनेने आपला वाचक गृहीत धरला आहे, आणि तो कोरड्या हाताचा आहे. तांडेलाचा हात तिच्या कल्पनेत नव्हता. हे मला खुपतं, कारण मासळी कुठे मिळेल याचा हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा अंदाज आणि वादळाचा इशारा आता याच पडद्यावर येतो. उपाय माहीत नाहीत असंही नाही. याच पदार्थाचे दोन थर बारीक अंतर ठेवून एकमेकांसमोर बसवले, की दाबाने ते टेकतात आणि ओलं बोट, हातमोजा, काहीही चालतं. स्पर्श थोडा जड लागतो, चित्र किंचित मंद दिसतं. बोटीवरच्या अनेक यंत्रांना आजही ठसठशीत बटणं असतात, आणि ती काढून सगळं काचेवर आणण्याची घाई करणाऱ्यांनी आधी पावसाळी वाऱ्यात, जाळं ओढल्या हातांनी ते यंत्र चालवून पाहावं.